इंजिन बदलले, पण दिवा विझेना

(वार्षिक समारंभातील व्यवसाय मार्गदर्शन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यवसाय मार्गदर्शनाच्या कार्यक्रमात बहुधा डॉक्टरी, इंजिनियरिंग, वकिली आणि सरकारी नोकरी यांविषयी बोलले जाते. ते योग्यच आहे. परंतु आपल्या भागातील कितीतरी घरांतील मुले मोटार गॅरेजमध्ये काम शिकतात, पुढे आखातात जातात आणि मागे राहिलेल्या कुटुंबाचा संसार चालवतात. त्यांच्या विद्येविषयी सहसा कोणी बोलत नाही. जणू काही ती विद्याच नव्हे! म्हणून आज मी मुद्दाम एक वेगळा विषय निवडला आहे. मोटारीचे इंजिन बदलल्यानंतर चालकासमोरच्या फलकावर जो पिवळा दिवा लागतो आणि स्कॅनर जे सेन्सरचे आकडे दाखवतो, त्यांचे काय करावयाचे, हा तो विषय होय.

तुम्ही म्हणाल, हा शाळेत भाषा शिकवणारा माणूस, याचा इंजिनशी काय संबंध? संबंध असा की माझा मामेभाऊ शारजाच्या औद्योगिक भागातील एका गॅरेजमध्ये काम करतो. गाड्यांच्या दुरुस्ती-पुस्तिका इंग्रजीत असतात. त्यातील एखादे वाक्य अडले की तो त्या पानाचा फोटो मला पाठवतो आणि मी त्याला अर्थ सांगतो. गेली काही वर्षे हा परिपाठ चालू आहे. अर्थ सांगता सांगता मलाही थोडे समजू लागले. आणि माझी अशी खात्री झाली की या कामात पान्यापेक्षा वाचन अधिक लागते.

दिवा कशासाठी असतो?

पूर्वीच्या गाड्यांत कार्बुरेटर असे. त्या काळी उस्ताद कानाने इंजिन ऐकत, स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवत आणि गाडी सुरळीत चाले. पुढे धूर कमी व्हावा आणि पेट्रोल वाचावे यासाठी पेट्रोल सोडण्याचे काम एका लहानशा संगणकाकडे गेले. त्यालाच गॅरेजमध्ये ईसीएम म्हणतात. हा संगणक डब्यात बंद असतो. त्याला स्वतःला काही दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. इंजिन किती गरम झाले, आत हवा किती आली, क्रँक कोठवर फिरला, सायलेन्सरमधून जाणाऱ्या वायूत प्राणवायू किती उरला, ही सर्व माहिती त्याला सेन्सर पुरवतात. प्रत्येक सेन्सर विजेच्या दाबाच्या रूपाने निरोप पाठवतो. निरोप आला नाही, किंवा पटणारा आला नाही, की संगणक एक आकडा नोंदवून ठेवतो आणि दिवा लावतो.

पूर्वी प्रत्येक कंपनीचे आकडे निराळे आणि ते वाचण्याची पद्धतही निराळी असे. अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलपासून सर्व नव्या मोटारींना एकच पद्धत सक्तीची झाली. सोळा पिनांचे सॉकेट, तेही चालकाच्या बाजूला फलकाखाली, आणि सर्वांना समान असे आकडे. युरोपात पेट्रोल गाड्यांना ही सक्ती २००१ मध्ये आली. आपल्याकडे भारत स्टेज ४ च्या काळात ती टप्प्याटप्प्याने रुजली आणि १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज ६ लागू झाल्यावर तिचे महत्त्व आणखी वाढले. म्हणजे आज शारजात शिकलेले आकडे रत्नागिरीतही उपयोगी पडतात, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

आकड्यांचे व्याकरण

हे आकडे दिसायला भीतीदायक असतात. परंतु त्यांना व्याकरण आहे. पहिले अक्षर गाडीचा विभाग सांगते. 'पी' म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स, 'बी' म्हणजे बॉडी, 'सी' म्हणजे चाके व ब्रेक यांचा भाग, 'यू' म्हणजे गाडीतील संगणकांचे आपसांतील दळणवळण. दुसऱ्या जागी शून्य असेल तर तो आकडा सर्व कंपन्यांना समान. एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. तिसरा अंक पोटविभाग दाखवतो. १ आणि २ म्हणजे हवा व इंधन, ३ म्हणजे ठिणगी व मिसफायर, ४ म्हणजे धूर-नियंत्रण, ७ म्हणजे गिअरबॉक्स. शेवटचे दोन अंक नेमकी तक्रार सांगतात.

आता भाषाशिक्षक म्हणून दोन शब्दांकडे तुमचे लक्ष वेधतो.

पहिला शब्द 'सर्किट'. पी ०३३५ या आकड्याचा अर्थ पुष्कळ मुले 'क्रँक सेन्सर खराब' असा सांगतात. पुस्तिकेत तसे लिहिलेले नाही. तेथे 'क्रँक सेन्सरचे सर्किट' असे आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या तारा, कपलर, अर्थ आणि संगणकातील त्याची जागा, एवढा सगळा मार्ग. पत्र पोहोचले नाही म्हणून पत्र लिहिणाऱ्यालाच दोष देणे बरोबर नाही. टपाल वाटेतही हरवू शकते. हा एक शब्द न वाचल्यामुळे चांगले सेन्सर फेकले जातात आणि गिऱ्हाइकाचे पैसे वाया जातात.

दुसरा शब्द 'हाय'. पी ०११८ या आकड्यात इंजिनच्या पाण्याचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरबाबत 'हाय' असे लिहिलेले असते. मुलाला वाटते, इंजिन तापले. वस्तुस्थिती नेमकी उलट असते. येथे 'हाय' हे विशेषण विजेच्या दाबाचे आहे, उष्णतेचे नव्हे. या सेन्सरचा विरोध थंडीत जास्त आणि उष्णतेत कमी असतो. जनरल मोटर्सच्या गाड्यांत तो २० अंशांवर सुमारे साडेतीन हजार ओहम, तर १०० अंशांवर दोनशेच्याही आत असतो. तार तुटली तर विरोध अमर्याद होतो, दाब ५ व्होल्टपर्यंत चढतो आणि संगणकाला वाटते की बाहेर उणे ४० अंश थंडी आहे. शारजाच्या मे महिन्यात उणे ४०! स्कॅनरवर हा आकडा दिसला की समजावे, तार तुटली आहे किंवा कपलर लावायचाच राहिला आहे.

इंजिन बदलल्यावर काय घडते?

इंजिन बदलणे म्हणजे नुसते लोखंड उतरवून दुसरे लोखंड चढवणे नव्हे. जुन्या इंजिनशी अनेक वर्षे संवाद साधलेला संगणक गाडीतच राहतो आणि त्याच्या हाती नवा साथीदार येतो. अशा वेळी येणाऱ्या तक्रारी चार प्रकारच्या असतात, आणि आलेली तक्रार कोणत्या प्रकारची, हे ओळखण्यातच निम्मे काम आहे.

पहिला प्रकार बसवणीचा. कपलर राहून जातो, तार इंजिनखाली दबते, किंवा इंजिनपासून चॅसीकडे जाणारी अर्थची पट्टी लावायची राहते. ही पट्टी राहिली तर एकाच वेळी पाच-सहा असंबद्ध आकडे येतात.

दुसरा प्रकार न जुळण्याचा. नवे इंजिन बाहेरून तसेच दिसते, पण आतील सेन्सर किंवा त्यांची चक्रे निराळी असतात.

तिसरा प्रकार ओळख न झाल्याचा. सर्व काही बरोबर बसलेले असते, परंतु संगणकाला नवे इंजिन शिकवावयाचे राहिलेले असते.

चौथा प्रकार खऱ्या बिघाडाचा. जुन्या इंजिनबरोबर आलेला सेन्सर खरोखरच निकामी झालेला असतो. आश्चर्य म्हणजे बहुतेक गॅरेजमध्ये या चौथ्या प्रकारापासूनच सुरुवात होते.

एक उदाहरण

माझ्या मामेभावाच्या गॅरेजमधील एक प्रसंग सांगतो. २००२ सालचा शेव्हरोले सिल्व्हराडो पिकअप, ५.३ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन. गाडीचा मालक त्यात दुकानांचा माल पोहोचवत असे. गाडी उभी म्हणजे त्याची रोजी बंद. इंजिन निकामी झाले म्हणून त्याने जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून २००८ सालच्या गाडीचे इंजिन आणले. तेही ५.३ लिटर, तेही त्याच कंपनीचे. इंजिन बसले, सेल्फ फिरला, पण गाडी सुरू होईना. स्कॅनरवर आकडा आला पी ०३३५.

उस्तादांनी क्रँक सेन्सर बदलला. तोच आकडा. दुसऱ्या दुकानातून आणखी एक सेन्सर आणला. पुन्हा तोच आकडा. गॅरेजच्या मालकाने ठरवले की तारा या मुलाने जोडल्या आहेत, तेव्हा दोन्ही सेन्सरचे पैसे त्याच्याच पगारातून कापावयाचे. घरी पैसे पाठवणाऱ्या मुलाला हा आकडा किती मोठा वाटतो, हे येथे बसलेल्या पालकांना मी सांगावयास नको.

रात्री त्याचा फोन आला. "भाईजान, हे पान वाचून दाखवा." मी वाचले आणि सर्किट या शब्दाचा अर्थ सांगितला. दुसऱ्या दिवशी त्याने मल्टिमीटर घेऊन सेन्सरच्या तिन्ही तारा तपासल्या. वीज पोहोचत होती, अर्थ पोहोचत होता, संगणकापर्यंतची तारही अखंड होती. म्हणजे वाट स्वच्छ होती, सेन्सर नवे होते, तरी निरोप पटत नव्हता.

मग त्याने एक साधी गोष्ट पाहिली. नव्या इंजिनबरोबर आलेला आणि बाजूला काढून ठेवलेला सेन्सर राखाडी रंगाचा होता. गाडीचा मूळ सेन्सर काळा होता. एकच काम करणाऱ्या दोन वस्तूंचे रंग वेगळे का? त्याने सेन्सर काढला, बॅटरी उजेडाला धरली आणि दुसऱ्या मुलाला पान्याने क्रँक हळूहळू फिरवावयास सांगितले. छिद्रातून बारीक बारीक दाते सरकताना दिसले. कोपऱ्यात पडलेल्या जुन्या इंजिनमध्ये तेच पाहिले, तर दाते रुंद आणि विरळ.

त्याचे कारण असे. या जातीच्या इंजिनांच्या आधीच्या पिढीत क्रँकवर २४ संकेतांचे चक्र असे. नंतरच्या पिढीत ५८ दात्यांचे चक्र आले. साठ दात्यांच्या जागा, त्यातील दोन रिकाम्या. त्या रिकाम्या जागेवरून संगणक क्रँकची स्थिती ओळखतो. २००२ चा संगणक २४ मोजण्याची सवय असलेला. त्याच्यापुढे ५८ दाते धावू लागले तर तो काय समजणार? उर्दू शाळेतील मुलापुढे एकाएकी तमिळ पुस्तक ठेवावे तसे झाले. पुस्तकात दोष नाही, मुलातही नाही. एवढेच नव्हे, तर नव्या पिढीत कॅमशाफ्टचा सेन्सर इंजिनच्या मागच्या बाजूकडून पुढच्या कव्हरवर आला, आणि ठोके ऐकणारे नॉक सेन्सर वरच्या खोबणीतून ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना गेले. त्यांचा प्रकारही बदलला. म्हणजे क्रँकचा प्रश्न सुटला असता तरी पी ०३४०, पी ०३२७, पी ०३३२ हे पाहुणे दारात उभेच होते.

उपाय तीन होते. क्रँक बाहेर काढून चक्र बदलणे, संकेतांचे रूपांतर करणारा डबा मध्ये बसवणे, किंवा नंतरच्या पिढीचा संगणक आणि त्याचे वायरिंग घालणे. तिन्ही उपाय चालतात, पण तिन्ही खर्चिक. चौथा उपाय सर्वांत साधा होता. परतीची मुदत अजून संपलेली नव्हती. इंजिन परत दिले आणि २४ च्या चक्राचे, जुन्या पिढीचे इंजिन आणले. या खेपेस पैसे देण्यापूर्वी सेन्सरचा रंग पाहिला.

गाडी सुरू झाली. पगार कापला गेला नाही. परंतु दिवा विझला नव्हता! आता आकडा होता पी १३३६. पाहा, दुसऱ्या जागी एक आहे, म्हणजे हा कंपनीचा स्वतःचा आकडा. उस्ताद पुन्हा सेन्सर मागवण्याच्या विचारात होते. पुस्तिकेत मात्र स्पष्ट लिहिले होते की क्रँकमधील फरक संगणकाने अद्याप शिकून घेतलेला नाही. कोणत्याही दोन चक्रांचे दाते अगदी तंतोतंत सारखे नसतात. तो सूक्ष्म फरक संगणकाने एकदा मोजून ठेवला, तरच पुढे एखादा सिलिंडर चुकला तर त्याला ते ओळखता येते. त्यासाठी स्कॅनरमध्ये स्वतंत्र आज्ञा असते. इंजिन गरम करावयाचे, ब्रेक दाबून धरावयाचा, सांगितल्याप्रमाणे रेस द्यावयाची. ठरावीक वेगाला संगणक स्वतःच पेट्रोल तोडतो, त्या क्षणी पाय काढावयाचा. काही मिनिटांचे काम. एक पैशाचाही भाग न बदलता दिवा विझला.

कामाचा क्रम

विद्यार्थी मित्रांनो, या उदाहरणावरून आणि पुस्तिकांवरून जो क्रम मला उमगला तो वहीत उतरवून घ्या. गॅरेजमध्ये जाणाऱ्या भावालाही द्या.

१. इंजिन उतरवण्यापूर्वी गाडीतील सर्व आकडे लिहून ठेवा. आधीपासून असलेली तक्रार नंतर तुमच्या माथी येऊ नये.

२. प्रत्येक कपलर सोडवताना त्यावर चिठ्ठी चिकटवा आणि फोटो काढा.

३. नवे इंजिन चढवण्यापूर्वी दोन्ही इंजिने शेजारी ठेवून सेन्सर एकेक करून पाहा. रंग, पिनांची संख्या, जागा. इंजिन जमिनीवर असताना पाच मिनिटांत होणारे काम, ते गाडीत बसल्यावर दिवसभर घेते.

४. दिवा लागला तर प्रथम आकडे लिहा. आकडा नोंदवताना इंजिनचा वेग, तापमान वगैरे काय होते, हेही संगणक टिपून ठेवतो. आकडे पुसले की ती टिपणेही जातात. लिहिण्यापूर्वी पुसणे म्हणजे उत्तरपत्रिका तपासण्याआधी फाडून टाकणे होय.

५. स्कॅनरच पेटत नसेल तर घाबरू नका. सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनेत बॅटरीची वीज आणि ४ व ५ मध्ये अर्थ असतो. बऱ्याच गाड्यांत ती वीज सिगारेट लायटरच्याच फ्यूजमधून येते.

६. आकडे अनेक असतील तर मुळापासून चला. प्रथम बॅटरी आणि अर्थच्या पट्ट्या. मग 'यू' चे आकडे. मग सेन्सरांना मिळणारी ५ व्होल्टची सामायिक वीज; एक सेन्सर किंवा त्याची तार शॉर्ट झाली तर त्याच तारेवरचे सर्व सेन्सर खोटे बोलू लागतात. संशय आला तर एकेक कपलर काढून पाहा. ज्याच्या काढण्याने वीज परत येते, तो गुन्हेगार. त्यानंतर क्रँक व कॅम, मग तापमान व हवा, आणि सर्वांत शेवटी सायलेन्सरमधील ऑक्सिजन सेन्सर. शेवटच्यांच्या तक्रारी पुष्कळदा वरच्या दोषांचा परिणाम असतात.

७. जोडीने आलेल्या आकड्यांकडे नीट पाहा. पी ०१७१ आणि पी ०१७५ एकदम आले, म्हणजे एका बाजूला पेट्रोल कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त, तर आठ सिलिंडरच्या गाडीत डाव्या-उजव्या ऑक्सिजन सेन्सरचे कपलर उलटसुलट लागले आहेत का, हे आधी पाहा. संगणक डाव्याची तक्रार ऐकून उजव्याला औषध देत असतो. त्यामुळे दुखणे दोन्हीकडे वाढते. ज्या बाजूला एक नंबरचा सिलिंडर, ती पहिली बाजू, हा नियम पाठ करा.

८. सेन्सर विकत घेण्यापूर्वी तार तपासा. कपलर हलवून पाहा, पिन वाकली आहे का पाहा. भाग बदलणे ही शेवटची पायरी.

९. संगणकाला शिकवावयाचे जे काही असेल ते पुस्तिकेत पाहून पूर्ण करा.

१०. शेवटी गाडी रस्त्यावर चालवा. संगणकाच्या काही तपासण्या गाडी थंड असताना सुरू होऊन, वेगवेगळ्या वेगाने चालल्यावरच पूर्ण होतात. त्या पूर्ण झाल्या की नाहीत हे स्कॅनर दाखवतो. तोपर्यंत काम झाले असे म्हणू नका.

आणखी एक सूचना. दिवा स्थिर असेल तर गाडी गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर सिलिंडर चुकतो आहे आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधील महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळते आहे, असे समजावे. अशा वेळी गाडी पळवू नये.

दिवा विझवण्याचे खोटे मार्ग

आता एका नाजूक बाबीकडे वळतो. दिवा विझवण्याचे काही मार्ग असे आहेत की ज्यांना दुरुस्ती म्हणता येत नाही. कोणी फलक उघडून दिवाच काढून टाकतो. कोणी गिऱ्हाईक येण्यापूर्वी आकडे पुसतो. ते गाडी घेऊन जाते आणि दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागतो, कारण काही तक्रारी लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्यावरच संगणक दिवा लावतो. कोणी तापमानाच्या सेन्सरऐवजी एक लहानसा रेझिस्टर जोडतो. संगणक समाधानी होतो, दिवा विझतो, आणि पुढे एखाद्या घाटात पाणी आटून इंजिन उकळते तेव्हा इशारा देणारे कोणी उरलेले नसते. त्या गाडीत कोणाचे तरी आई-वडील, कोणाची मुले बसलेली असतात.

संगणकापुढे ही लबाडी फार काळ टिकतही नाही. आकडे पुसले की 'तपासणी अपूर्ण' अशी नोंद राहते आणि जाणता माणूस ती पाहतो. अमेरिकेत २०१० सालच्या मॉडेलच्या सुमारास असे कायम आकडे आले की जे स्कॅनरने पुसता येत नाहीत. दोष खरोखर दूर झाल्याची संगणकाची खात्री पटली तरच ते जातात.

आपल्या देशात आणखी एक जबाबदारी आहे. इंजिनाचा क्रमांक गाडीच्या नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मनमानीने करता येत नाही. तेव्हा इंजिन बदलण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात जाऊन परवानगी आणि नोंदीचे काय करावयाचे, हे विचारून घ्यावे. जुन्या इंजिनची पावती, ते कोणत्या गाडीतून निघाले त्याचे कागद, हे जपून ठेवावेत. कागद नसलेले स्वस्त इंजिन चोरीचे निघाले, तर त्याची किंमत गिऱ्हाईक आणि कारागीर दोघांनाही मोजावी लागते.

गिऱ्हाइकाची गाडी ही आपल्याकडे आलेली अमानत आहे. ती परत करताना काय बदलले, काय बदलले नाही, आणि कोणता दोष अजून शिल्लक आहे, हे त्याला साध्या शब्दांत लिहून द्यावे. असा कागद देणाऱ्याकडे माणसे पुन्हा येतात.

पालकांना विनंती

शेवटी पालकांना दोन शब्द. मुलगा नापास झाला की 'घाल गॅरेजमध्ये' असे आपण म्हणतो. मी वर जे सांगितले त्यात वीज आली, गणित आले, इंग्रजी आले, टिपण ठेवणे आले आणि कायदाही आला. शाळेला कंटाळलेल्या मुलाने हे सर्व उस्तादाच्या शिव्या खात आपोआप शिकावे, ही अपेक्षा चुकीची आहे. ज्याला हत्यारांची आवड आहे त्याला दहावीपर्यंत नीट शिकवा. त्यानंतर आय.टी.आय. मध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, त्याची चौकशी करा. प्रमाणपत्र हातात घेऊन परदेशी गेलेल्या मुलाशी मालक निराळ्या स्वरात बोलतो.

मुलीही हे काम शिकू शकतात, हे सांगावयास मी संकोच करत नाही. मल्टिमीटर धरावयास आणि पुस्तिका वाचावयास दंडातील बळ लागत नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला मी गृहपाठ देतो. शिक्षकाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार! घरी जी कोणती यंत्रे असतील, पाण्याचा पंप, शिलाई मशीन, मोटारसायकल, त्यांपैकी एकाची माहिती-पुस्तिका शोधा. बहुधा ती कपाटाच्या वरच्या खणात, न उघडलेली सापडेल. तिची फक्त दोन पाने शब्दकोश जवळ घेऊन वाचा आणि न कळलेले शब्द वहीत लिहून सोमवारी वर्गात आणा. आपण ते एकत्र बसून सोडवू.